सिम नसलेला कॅमेरा

रोलचा कॅमेरा घ्यावा की डिजिटल, हा प्रश्न आता कुणी मला विचारेल असं वाटलं नव्हतं. आमच्या पिढीने तो केव्हाच निकालात काढला होता. पण यंदा धाकट्या बहिणीच्या मुलीने विचारला, आणि विचारताना तिच्यासमोर वही उघडी होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गल्लीतल्या लहान मुलांना उर्दू-अरबी वाचायला शिकवते, त्याची फी, दोन वर्षांची ईदी आणि कपड्यांवर न केलेला खर्च मिळून १९,५०० रुपये. "खाला, इत्ते पैशे में कौनसा आता?"

मला विचारायचं कारण एवढंच की मी बी.एड. करत असताना संध्याकाळी चुलतभावाच्या फोटो स्टुडिओत बसायची. पावत्या फाडायच्या, लग्नाचे अल्बम चिकटवायचे, रोल धुवायला आले की पाकिटावर नाव घालायचं. २००० नंतरची ती पाच-सहा वर्षं. रोलचा धंदा आमच्या डोळ्यांदेखत आटला. शिवाय अब्बांचा आग्फा क्लिक थ्री अजून माझ्या कपाटात आहे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, ऊन की ढगाळ एवढंच ठरवायचं आणि खटका दाबायचा. खानदानात कॅमेरा सांभाळून ठेवलेली मी एकटीच, म्हणून मी जाणकार.

मुलीचा कल रोलकडे होता. तो फॅशनचा भाग असणार, असा माझा पहिला अंदाज होता. आजकालच्या मुलांना फोटोतले दाणे, फिकट रंग, कोपऱ्यात शिरलेला उजेड हे सगळं आवडतं. आम्ही त्याला 'रोल खराब झाला' म्हणायचो. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनियरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. ०.०१ मेगापिक्सेलचा, फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. त्याच तंत्राच्या लाटेत सापडून कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि आता तीच कोडॅकची फिल्म मुलं हौसेने शोधत फिरतात. २०२४ मध्ये तर पेंटॅक्सने रोलचा नवाकोरा कॅमेरा बाजारात आणला, पेंटॅक्स १७. अर्ध्या फ्रेमचा, छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो काढणारा. किमतीमुळे आमच्या वहीत त्याला जागा नव्हती.

पण तिचं कारण फॅशन नव्हतं. तिला आमच्या गल्लीतल्या बायकांच्या कामाचे फोटो काढायचे होते. सोलापुरात घराघरांत बायका काम करतात. विड्या वळणं, चादरींच्या कडांना गाठी मारणं, ब्लाउज शिवणं, पापड. एका खोलीत चूल, पाळणा आणि शिलाई मशीन. ही कामं कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत आणि या बायकांचा फोटो रेशनकार्ड-आधारकार्डापलीकडे निघत नाही. मुलीने आधी फोनवर प्रयत्न केला होता. एकीने पदर ओढून घेतला, दुसरीने दारच लावलं. तिसरीने सरळ सांगितलं, "फोन में नक्को गे माँ. फोन में का फोटू कहाँ कहाँ जाता मालूम नै."

ही भीती अडाणीपणाची नाही. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' ही दोन ॲप्स उघडकीला आली. मुस्लिम बायकांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, स्वतःच्या नावाने बोलणाऱ्या बायका होत्या. आमच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बाईला गिटहब म्हणजे काय ते माहीत नाही, पण त्या आठवड्यात घराघरांत मुलींना डीपी काढून टाकायला लावले गेले, हे तिने पाहिलंय. माझ्या दहावीच्या वर्गातल्या मुलींच्या डीपीवर गुलाबाची फुलं आली, ती अजून आहेत.

तर भाचीचा युक्तिवाद असा होता की रोल इंटरनेटवर जात नाही. निगेटिव्ह आपल्या हातात. बायकांना सांगता येईल की बघा, हा साधा कॅमेरा आहे, यातून फोटो कुठे जात नाही.

ऐकायला हे पटतं. मलाही क्षणभर पटलं. पण स्टुडिओत काढलेली वर्षं आठवली आणि मी तिला विचारलं, रोल धुणार कोण?

आमच्या वेळी गावागावांत लॅब होत्या. सोलापुरात आता रंगीत रोल धुणारं कुणी मला सापडलं नाही. पुण्या-मुंबईला कुरिअर करावा लागतो. तिथे एक अनोळखी माणूस रोल धुतो, स्कॅन करतो, एकेक फ्रेम डोळ्यांनी पाहून रंग नीट करतो आणि छत्तीसच्या छत्तीस फोटोंची लिंक ई-मेलने पाठवतो. म्हणजे फोटो इंटरनेटवर गेला की. वर त्याची एक प्रत त्या लॅबच्या संगणकावर, किती दिवस ते त्यांनाच ठाऊक. लॅबवाले वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण स्टुडिओत आम्ही सगळ्यांच्या लग्नाचे, बाळंतपणाचे, भांडणानंतर फाडायच्या राहून गेलेले फोटो पाहायचो, आणि ज्यांचे ते फोटो, त्यांच्या मनात हे कधी येत नसे. रोल बंद डब्यात असतो म्हणून तो खाजगी वाटतो, इतकंच.

कृष्णधवल रोल घरी धुता येतो, हे तिने वाचलेलं होतं. येतो. टाकी, डेव्हलपर, फिक्सर, अंधाऱ्या खोलीत किंवा काळ्या पिशवीत रोल चकतीवर चढवणं, तापमान सांभाळणं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच चहाला निघालेलं असतं, तिथे वीस अंशांच्या आसपास रसायन ठेवायचं तर बर्फ आणावा लागेल. रंगीत रोलला उलट अडतीस अंश लागतात, पण ते अगदी नेमके. शिवाय निगेटिव्ह धुतली तरी ती पाहायची कशावर? स्कॅनर हवा. वहीत त्याचाही खर्च लिहायला लावला.

मग रोलचा पूर्ण हिशोब मांडला. बऱ्या अवस्थेतला जुना एसएलआर, समजा पेंटॅक्सचा के १००० किंवा याशिकाचा एखादा, आठ हजार. रंगीत रोल, धुणं, स्कॅन आणि दोन्हीकडचं कुरिअर मिळून सोळाशे. १९,५०० मधून आठ हजार गेले की ११,५०० उरतात. त्यात सात रोल. सात छत्तीस २५२ फोटो, खिशात ३०० रुपये, आणि मग दोन वर्षांची बचत संपली. एक खटका चव्वेचाळीस रुपयांना. ती ज्या मुलांना शिकवते त्यांतल्या काहींची महिन्याची फी शंभर रुपये आहे.

रोलचे चाहते इथे म्हणतात की महाग खटक्यामुळेच माणूस विचार करून फोटो काढायला शिकतो. अर्धं खरं आहे. पण शिकण्याबद्दल बी.एड.ला आम्हाला जे शिकवलं, त्यातलं थॉर्नडाइक मी विसरलेले नाही. तत्परतेचा नियम, सरावाचा नियम, परिणामाचा नियम. मुलाने पाटीवर चुकीचा ع काढला आणि मी तीन आठवड्यांनी सांगितलं की चुकलं, तर तोवर त्याचा हात कशामुळे चुकला हे त्यालाही आठवणार नाही. रोलचं तसंच आहे. हात हलला की शटर हळू होतं की फोकसच चुकला, हे कळायला रोल पुण्याहून परत यावा लागतो, आणि त्या वेळी काय आकडे लावले होते हे तुम्ही वहीत टिपलं असेल तरच कळतं. डिजिटलमध्ये प्रत्येक फोटोच्या पोटात शटर, छिद्र, आयएसओ सगळं आपोआप लिहिलेलं असतं. विचार करून काढायची सवय हवी असेल तर मागच्या पडद्यावर कागद चिकटवा आणि दिवसाला बारा फोटोंची मर्यादा घाला. आग्फा क्लिक थ्रीएवढी.

उजेडाचा मुद्दा तर सगळ्यात मोठा. आमच्या गल्लीतल्या खोल्यांना एक दार, एक खिडकी, आणि खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. दोनशेचा रोल टाकला की छत्तीस फोटो होईपर्यंत तुम्ही दोनशेलाच बांधलेले. अशा खोलीत छिद्र एफ-२ पर्यंत उघडलं तरी शटर एक पंधरांश सेकंदावर येतं. विडी वळणाऱ्या हाताची बोटं तेवढ्या वेळात कुठल्या कुठे जातात. फोटोत धुकं. डिजिटलमध्ये त्याच जागी आयएसओ सोळाशे केला की तेच शटर १/१२५ वर जातं आणि बोटं थांबतात, तंबाखूची पूडसुद्धा दिसते. फ्लॅश मारता येतो, पण फ्लॅश मारला की बाई दचकते, खोलीतली सावली जाते आणि फोटो आधारकार्डासारखा येतो.

इथे थोडं विषयांतर. कॅमेऱ्याचं नाव काढलं की आपल्याकडे व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: कॅमेरा हा शब्द अरबी 'क़मरा'वरून आला. शिक्षकांच्या ग्रुपवरही आला होता. इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत, लहान छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा आणि ग्रहणातल्या सूर्याच्या प्रतिमेचा अभ्यास केला हे खरं आहे. 'किताब अल-मनाज़िर' हा त्यांचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये जाऊन युरोपला शिकवत राहिला, हेही खरं. अभिमान बाळगायला एवढं पुरे आहे. शब्द मात्र लॅटिन आहे, त्याआधी ग्रीक. अर्थ कमानीच्या छताची खोली. आपण उर्दूत ज्याला कमरा म्हणतो तोही त्याच मुळातून, पोर्तुगीजांच्या बोटीतून आला. क़मर म्हणजे चंद्र, तो क़ाफने. कमरा काफने. उर्दूच्या शिक्षकांनी तरी काफ-क़ाफची गल्लत करू नये. आणि गंमत अशी की चंद्राचं नाव असलेला रोल आपल्याकडे खरंच होता: उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू'.

नानीने आयुष्यात फोटो काढू दिला नाही. हजच्या पासपोर्टसाठी काढला तो एकच, आणि त्यातही तिचा चेहरा चोरी करताना पकडल्यासारखा आलाय. तस्वीर हराम, हे तिचं साधं मत. उलेमांमध्ये यावर जुना मतभेद आहे. काहींनी फोटोला माणसाने घडवलेली तस्वीर न मानता पडलेला अक्स मानलं. डिजिटल आल्यावर त्यात नवा धागा निघाला: पडद्यावर दिसणारी प्रतिमा आरशातल्या अक्सासारखी, ती तस्वीर होते कागदावर उतरल्यावर, असं म्हणणारे आहेत, हा फरक न मानणारेही आहेत. गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी याच कारणाने नकार दिला, आणि मी भाचीला सांगितलं की तिथे वाद घालायचा नाही. चहा प्यायचा, हातांचा तरी काढू का विचारायचं, नाही म्हटलं तर उठायचं. एका दादीने बोटांचा काढू दिला. "बोटांना काय चेहरा असतो," असं ती म्हणाली. ती दादी मूळची पंढरपूरकडची, आमच्या गल्लीत मराठी बोलणारी ती एकच.

पण हे पुढचं झालं. आधी कॅमेरा.

मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत, नवी, जुनी, दुरुस्तीची. रात्रीच्या गाडीने गेलो आणि रात्रीच्या गाडीने परतलो, तिकीट धरून सातशे रुपये खर्च. जुना कॅमेरा घेताना काय बघायचं ते मी तिला गाडीतच घोकून घेतलं होतं. लेन्समधून फोनचा टॉर्च मारायचा; कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, स्वस्त असली तरी नको. मुंबई-कोकणच्या दमट हवेतल्या लेन्सना ती हटकून धरते. झाकण लावून एक काळा फोटो काढायचा आणि पडद्यावर मोठा करून पाहायचा, पांढरे-लाल ठिपके दिसले तर सेन्सरमध्ये खोट. खटका किती वेळा दाबला गेलाय तो आकडा निकॉनच्या फोटोफाइलमध्ये लिहिलेला असतो, कॅननच्या फाइलमध्ये सहसा नसतो, तिथे दुकानदाराच्या चेहऱ्यावर आणि बटणांच्या झिजेवर भरवसा. लग्नाच्या फोटोग्राफरचा कॅमेरा घ्यायचा नाही. घरात बाळ झालं म्हणून हौसेने घेतलेला आणि बाळ शाळेत गेल्यावर विकलेला, तो शोधायचा.

निकॉनच्या या स्वस्त मालिकेत आणखी एक मेख आहे. डी३३०० सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर बॉडीत नसते, लेन्समध्ये असावी लागते. स्वस्तात मिळणारी जुनी लेन्स घेतली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. भाचीला ते माहीत होतं. माझ्यापेक्षा तिचा अभ्यास जास्त होता, मी फक्त सोबत.

दुकानदाराने समोर दोन कॅनन ठेवले. १३००डी आणि १२००डी. १३००डी दोन वर्षांनी नवा, फरक हजार-दीड हजाराचा. तो म्हणाला, "मॅडम, हा घ्या, यात वायफाय आहे, फोटो लगेच मोबाइलवर." मुलीने लगेच दुसरा उचलला. २०१४ चा १२००डी, १८ मेगापिक्सेल, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. दुकानदाराला वाटलं पैशाची अडचण आहे. त्याने १३००डीचे तीनशे कमी केले. मुलगी म्हणाली, "नको, हाच. यातून फोटो जात नाही ना कुठे?" त्याने आयुष्यात हा प्रश्न गिऱ्हाइकाकडून ऐकला नसावा. बॅटरीची काळजी नव्हती, कारण या मालिकेतल्या नंतरच्या १५००डीलाही तीच एलपी-ई१० बॅटरी लागते, अजून कुठेही मिळते.

बॉडी, १८-५५ची लेन्स, चार्जर, पट्टा मिळून साडेबारा हजार. जुनी पन्नासची एफ-१.८ लेन्स पाच हजार. कार्ड आणि कार्ड रीडर नऊशे. दहा बाय दहाच्या खोलीत पन्नासची लेन्स घेऊन मागे सरकायला जागा नसते, या कॅमेऱ्यावर ती ऐंशीसारखी वागते. म्हणून खोलीसाठी १८-५५ आणि हातांसाठी, चेहऱ्यासाठी पन्नासची.

घरी आल्यावर तिने नियम केले, ते तिचे स्वतःचे. फोटो काढला की बाईला मागच्या पडद्यावर दाखवायचा. बाई म्हणेल तो तिच्यासमोर, तिच्याच बोटाने पुसायचा. कार्ड तिच्या फोनला कधी लागणार नाही. फोटो माझ्या जुन्या लॅपटॉपवर उतरतात, ज्याचं वायफाय केव्हाच बिघडलंय आणि आता दुरुस्त करायचं नाही असं ठरलंय. रोलमध्ये हे पुसणं जमलंच नसतं. रोल बाईच्या घरातून निघून जातो, आणि आपला चेहरा कसा आलाय हे तिच्याआधी लॅबवाल्याला कळतं.

पहिल्या बाईने चाळीसपैकी एकतीस पुसले. पुसायचीच मजा वाटायला लागली तिला. मुलीला बोलावून बटण दाबायला दिलं. भाचीचा चेहरा उतरला होता, पण ती काही बोलली नाही. उरलेल्या नऊपैकी दोन चांगले आहेत. एकात सूप मांडीवर आहे, विड्यांची जुडी दोऱ्याने बांधताना दोरा दातांत धरलाय, आणि ती कॅमेऱ्याकडे न पाहता दाराकडे बघतेय. ठेकेदाराकडे विड्या घेऊन जायची वेळ झाली होती. दुसरी बाई, जिने दार लावलं होतं, ती आठवड्याने स्वतः आली. म्हणाली, "मेरा बी निकाल. पुसने का बटन मेरे हाथ में देना."

एक अडचण मात्र आम्ही दोघींनी धरली नव्हती. कॉपी काढायच्या कुठे? बायकांना कागदावर फोटो हवा होता, आणि कागदासाठी पुन्हा कुणाच्या तरी दुकानात पेन ड्राइव्ह द्यावा लागतो. शेवटी चुलतभावाच्या स्टुडिओत गेलो. आता तिथे पासपोर्ट साइज आणि झेरॉक्स एवढंच चालतं, पण प्रिंटर आहे. त्याने खुर्ची सोडली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मुलीने स्वतः कॉपी काढल्या, फाइली पुसल्या, रिसायकल बिनही रिकामा केला. चार बाय सहाच्या अकरा कॉपी. त्याने पैसे घेतले, आणि ते बरं केलं.

कॉपी घरोघर दिल्या. एकीने ती कपाटाच्या दाराला आतून लावली आहे, दार उघडलं तरच दिसते. १९,५०० पैकी ४०० रुपये उरलेत, आणि ती आता दुसऱ्या बॅटरीसाठी पैसे साठवतेय, कारण बायकांना पुसायला फार वेळ लागतो आणि तोवर पहिली उतरते.